डाव्या बाजूने झिजलेला कुंचला

१

जपानातल्या इवात्सुकी गावात बाहुल्यांची डोकी रंगवणारे पुष्कळ. इसोकिची त्यांतला हाताने सोनं आणि स्वभावाने वांड. वय सदुसष्ट, पण गावच्या सार्वजनिक न्हाणीत कुणाच्या तरी खडावांची अदलाबदल केल्याशिवाय त्याला गरम पाणी अंगी लागत नसे. एका वर्षी त्याने सणाच्या राजा-राणीच्या जोडीतल्या राजा बाहुल्याला गावातल्या एका चिक्कू तांदूळवाल्याचं नाक दिलं. मौज म्हणजे त्या तांदूळवाल्यानेच, ‘काय रुबाबदार चेहरा आहे,’ म्हणत ती जोडी नातीसाठी नेली.

लोकांना वाटतं, चेहरा रंगवणारा रंगवतो. तुम्हालाही तसंच वाटत असणार. साफ खोटं. चेहरा निम्मा सामानाने होतो, आणि इसोकिचीच्या घरी सामान म्हणजे त्याची बायको शिनो. एक्केचाळीस वर्षं. कुंचला घ्यायचा तर ती आधी त्याचं टोक जिभेवर ओलं करी, अंगठ्याच्या नखावर दाबून फिरवी आणि सोडून देई. सगळे केस एका टोकाला येऊन मधला एकच केस किंचित पुढे उभा राहिला, तरच तो कुंचला घरात येई. त्या एका केसाला जीव म्हणतात. जीव झिजला की कुंचला मेला. सरसाची कांडी ती उजेडात धरून मधासारखी दिसते का बघे, मग कानाशी नेऊन मोडे. टक्कन वाजली तर चांगली. शिंपल्यांची पांढरी भुकटी दाढेखाली घेऊन बघे, कचकचली तर परत. सरस रात्रभर भिजलेला, सकाळी पाण्यावरच्या भांड्यात कोमट केलेला, त्याला उकळी कधी नाही. भुकटीत सरस मुरवायचा, गोळा करायचा आणि तो गोळा वाडग्यात शंभर वेळा आपटायचा. थप. थप. थप.

दुपारी जेवण झालं की इसोकिची रेडिओवरच्या बातम्या ऐकत शेगडीवरच्या रजईत पाय घालून लवंडे. त्याला झोप लागे ती त्या थपथपीवर.

“चेहरे माझे, सामान तिचं,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. “ती स्वयंपाकीण, मी जेवणारा.”

गेल्या पानगळीत शिनो वारली आणि सामान इसोकिचीच्या गळ्यात पडलं. माणूस चाळीस वर्षं नुसता जेवलेला. चूल कशी पेटवतात ते ठाऊक नाही. त्याने सरस उकळला, घरभर मेल्या हरणासारखा वास. कुंचले पाण्यात टोकावर उभे ठेवले, त्यांची डोकी वाकली. राणीच्या दोन चेहऱ्यांवर कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग गेली. बाहुल्या मांडायचा मुलींचा सण मार्चात, आणि डोकी घाऊकवाल्याकडे जानेवारी सरायच्या आत पोचवायची होती.

अशात एका दुपारी तो झोपून उठला. मघाशी रंगानं माखलेला टाकून दिलेला कुंचला धुतलेला होता. टोक सरळ केलेलं. दोरीला उलटा टांगलेला. टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. इसोकिची बघत असतानाच तो खाली पडला.

२

“काय गं, कुंचला धुतलास होय?” त्याने सुनेला विचारलं. सून मित्सुए. मुलगा जवळच्या ओमिया शहरात कचेरीत, सकाळी जाई तो दिवेलागणीला परते. घर चालवायची ती मित्सुए.

“मी? बाबा, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही बजावलंत, माझ्या सामानाला हात लावायचा नाही. आणि लावायचाच असता तर आधी तुमच्या पसाऱ्याला काडी लावली असती.”

“मग कुणी धुतला?”

“तुम्हीच. झोपेत. झोपेत तरी माणसाला अक्कल येत असेल.”

इसोकिची हसला. त्याला ते पटलंही. हात सवयीचे गुलाम. डोळा लागता लागता धुतला असेल.

पण दुसऱ्या दिवशी सरस भिजलेला होता, अगदी हवा तेवढा. तिसऱ्या दिवशी पांढऱ्याचा गोळा मळून वाडग्यात पाण्याखाली ठेवलेला, वर ओलं फडकं. त्या गोळ्याने रंगवलेलं डोकं असं बसलं की इसोकिचीने स्वतःच त्याच्यापुढे मान लववली.

चौथ्या दुपारी तो झोपेतच होता. बातम्या संपल्या होत्या, कुणीतरी भाताच्या भावाबद्दल बोलत होतं. थप, थप, थप चाललं होतं आणि त्याला बरं वाटत होतं. मग ते थांबलं. झोपेतल्या झोपेत त्याने मोजलं होतं, शंभर झाले. आणि मगच त्याला आठवलं, की ही थपथप या घरात पानगळीपासून झालेली नाही.

तो उठून बसला. खोलीत ऊन. पेंढ्याच्या जुडीत काठ्यांवर खोचलेली चोवीस डोकी, सगळी पांढरी, सगळी बिनडोळ्यांची. त्याने मोजली. चोवीसच. एकही नवा हात कुठल्या डोक्यावर फिरलेला नव्हता.

वाडग्यातल्या गोळ्याचा मात्र एक चतकोर कमी झाला होता. एका चेहऱ्याला लागेल तेवढा.

३

कुंचलेवाला किहेई दर हिवाळ्यात तोयोहाशीहून येई. पाठीवर पेटी, तोंडात शिव्या. इसोकिचीचा चाळीस वर्षांचा दोस्त. गेल्या खेपेला इसोकिचीने त्याच्या चहात सरस घातला होता, म्हणून यंदा तो आधी पेल्याचा वास घेऊन मग प्याला.

“दाखव तुझे मुडदे,” किहेई म्हणाला. जुने कुंचले बघितल्याशिवाय तो नवे विकत नसे. कुंचला कुठे झिजलाय त्यावरून माणूस कसा टेकतो, किती दाबतो ते त्याला कळे.

एकेक कुंचला तो जिभेवर लावून, नखावर फिरवून खाली ठेवत गेला. एकापाशी थांबला. परत फिरवला. खिडकीशी नेला.

“हा कुणाचा?”

“माझा. दिसत नाही? दांड्यावर माझी खाच आहे.” इसोकिची प्रत्येक कुंचल्याच्या दांड्याला एक खाच पाडी. ती अंगठ्याखाली धरायची, म्हणजे कुंचला रोज एकाच अंगाने टेकतो.

“थापा कुणाला मारतोस, इसो? बाकीचे सगळे या अंगाने झिजलेत. हा त्या अंगाने. खाच अंगठ्याखाली धरून हे असं झिजवायचं तर हात डावा पाहिजे.”

“तुझे डोळे गेले, किहेई.”

“माझे जाऊ देत. हा डावखुऱ्याने झिजवलाय. महिनाभर तरी. रोज.” मग त्याने मान वर केली. “शिनोवहिनी डावखुरी होती ना रे?”

“होती. पण तिने कुंचला कधी रंगात बुडवला नाही.”

“का नाही? वहिनीसारखी नजर तुझ्यात नव्हती, तूच म्हणायचास.”

एरवी इसोकिचीने यावर काहीतरी चावट उत्तर दिलं असतं. आज तो शेगडीतले निखारे उगाच हलवत बसला. किहेईला ती गोष्ट ठाऊक होती. त्याच्यासमोरच घडली होती. तुम्हाला सांगायला हवी.

बाहुलीच्या भुसा दाबून केलेल्या डोक्यात काचेचे डोळे आधीच बसवतात. मग वरून पांढऱ्याचे थर चढतात. पहिला जाड, मग मधला, मग शेवटचा पातळ, आणि दर दोन थरांमध्ये ओल्या फडक्याने घासणं. डोळे पार गाडले जातात. शेवटचा थर वाळला की चिमुकली सुरी घेऊन पापणीच्या जागी केसाएवढी रेघ कापायची. पातं खोल जातं, जातं, आणि काचेला लागतं. ते हाताला कळतं. काच लागली की थांबायचं. तिथे चेहरा जागा होतो.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी शिनो म्हणाली होती, “अहो, एकदा मला कापू द्या ना डोळे. एकाच राणीचे.” कारखान्यात तेव्हा पाच-सहा माणसं होती, किहेईही आलेला. इसोकिचीने मोठ्या मानाने तिला सुरी दिली, काच लागली की थांबायचं हे शिकवलं, आणि एक डोकं हातात ठेवलं. त्या डोक्यात डोळे बसवलेलेच नव्हते.

तिने रेघ कापली. काच लागेना. तिला वाटलं आपलाच हात हलका. अजून खोल गेली. मग दुसऱ्या बाजूने. भुसा निघाला, तरी ती शोधत राहिली. पाठीमागे सगळे पोट धरून हसत होते. डोकं तिच्या हातात दुभंगलं तेव्हा कुठे तिला समजलं. तिने भुसा गोळा केला, सुरी पुसून ठेवली आणि सरस बघायला गेली. त्यानंतर अडतीस वर्षं तिने पुन्हा मागितलं नाही.

“मस्करी होती रे,” इसोकिची निखाऱ्यांना म्हणाला.

“होतीच,” किहेई म्हणाला. “मी पण हसलो होतो.” जाताना दारात तो थबकला. “एक मात्र आहे. बायको गेल्यावर माणूस खचतो. तू उलटा तरणा दिसायला लागलास, लेका. कपाळावर एक आठी नाही.”

४

न्हाणीतली मंडळी तर मागेच लागली. “इसोकिची, हळद लागायची राहिलीय का?” “कुठली क्रीम लावतोस, आमच्या म्हातारीला सांग.” गरम पाण्याच्या टाकीवरचा म्हातारा ओरडला, “अरे, पाण्यात उतरायच्या आधी धुऊन ये! तू बसलास की पाणी ताकासारखं होतं!”

इसोकिची हसायला गेला आणि ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी तडकलं. बारीक. सरस जास्त झालेला थर तडकतो तसं.

त्याने कारणं शोधली. जानेवारीचा डोंगरवारा कोरडा. सगळ्यांचीच कातडी ओढते. दाढी करताना वस्तऱ्यावर पांढरं आलं, साबण असेल. झोपून उठताना गाल ओला आणि गार लागायचा, कुणी ओलं फडकं फिरवून गेल्यासारखा. लाळ असेल, म्हातारपणी गळते. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. फक्त सगळी कारणं मिळून एका रांगेत बसत होती, पहिला थर, घासणं, दुसरा थर, हे त्याला आवडत नव्हतं.

आणि मग नजर. आधी दिव्याभोवती धुकं. मग कुंचल्याचा जीव दिसेना. जीव दिसला नाही तर भुवया कशाने काढायच्या? भुवईचा एकेक केस वेगळा काढणारा हात तालुक्यात त्याचा एकट्याचा होता. घर त्यावर उभं होतं आणि तोही.

मित्सुएने त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरगेलासा. त्याने दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ बघितलं.

“आजोबा, डोळे ठणठणीत आहेत. मोतीबिंदू नाही, काही नाही.”

“मग मला दिसत का नाही?”

डॉक्टरने ओल्या कापसाने त्याची पापणी पुसली. कापूस बघितला. दुसरा घेतला. “तुम्ही चेहऱ्याला काही लावता का?”

मित्सुए हसू दाबत म्हणाली, “बाहुल्या रंगवतात. स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना लावतात.”

डॉक्टरही हसला. इसोकिची त्या कापसाकडे बघत होता. त्यावरचं पांढरं त्याला ओळखू आलं. शिनोने मळलेलं होतं. कुठेही दाणा नाही.

५

खोडकर माणूस घाबरला की काय करतो? खोडी काढतो.

पांढरा गोळा मळलेला होता. इसोकिचीने त्याच्या पोटात चिमूटभर नीळ दडवली आणि वरून गोळा सारखा केला. रंगवणारा कुणी असेल तर ज्या डोक्यावर हात फिरवेल ते निळं होईल. मग कळेल कुठलं डोकं, कळेल कशासाठी. तो मनात खुशही झाला. जेवला, मुळ्याचं लोणचं दोनदा मागून घेतलं, बातम्या लावल्या आणि रजईत शिरला.

जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं. तो पेंढ्याच्या जुडीशी रांगत गेला, एकेक डोकं नाकाशी नेऊन बघितलं. पांढरं. पांढरं. पांढरं. चोवीसही.

“फुकट गेली नीळ,” तो पुटपुटला.

दार सरकलं. मित्सुए चहा घेऊन आली होती. तिचा पाय उंबऱ्यातच राहिला. तबक पडलं, चहा चटईवर सांडला.

“काय गं?”

“बाबा,” ती म्हणाली. “ही कसली मस्करी?”

“कुठली?”

“तोंड धुवा. आधी तोंड धुवा तुम्ही.” तिचा आवाज चिरकला. “मेल्या माणसासारखे निळे दिसताय!”

त्याने गरम पाण्याने धुतलं. वरची निळाई पाण्यात उतरली. खालचे थर उतरले नाहीत; जुना झालेला सरस पाणी मानत नाही. त्याने नखाने कपाळ ठोकून बघितलं. पिकल्या भोपळ्यासारखा टणक आवाज आला.

तेव्हा त्याने मित्सुएला सगळं सांगितलं. कुंचला, थपथप, डावा हात. ते डोकं फुटेपर्यंत हसलेली माणसं. ती रडेल किंवा हसेल असं त्याला वाटलं होतं. तिने चटई पुसली आणि म्हणाली, “सासूबाईंनी मला एकदाच सांगितली होती ती गोष्ट. म्हणाल्या, ‘डोळे कुठे होते ते मला अजून शोधावंसं वाटतं.’”

६

तीन दुपारी मित्सुए विणकाम घेऊन त्याच्या उशाशी बसली. काही झालं नाही. थप नाही, थेंब नाही. गोळा होता तेवढाच. चौथ्या दिवशी इसोकिचीच्या जिवात जीव आला. त्याने तिच्या विणकामाचा एक टाका हळूच सोडवून ठेवला आणि तिने त्याच्या हातावर चापट मारली.

“आज डोकी आहेत तशीच पोचवायला हवीत हं, डोळे-भुवया ते दुसऱ्या कुणाकडून करून घेतील,” ती म्हणाली. “घाऊकवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. तुम्हीही चला.”

“या डोळ्यांनी? रस्त्यात मीच विकला जाईन. तू जा. मी आज झोपतच नाही. बाहेर उन्हात बसतो.”

“दोन तासांत येते. बाबा, खरंच झोपू नका.”

“झोपलो तर तुझी राहिलेली भांडी घासीन.”

ती चोवीस डोकी टोपल्यात घालून गेली. फाटकाची कडी वाजली. इसोकिची व्हरांड्यात बसला, पाठ खोलीकडे. पुढ्यात कुंचले धुवायचं घंगाळ, भरलेलं. समोर पर्सिमनचं उघडं झाड, दोन कावळे, वारा पडलेला. रेडिओने बारा वाजवले. बातम्या सुरू झाल्या.

तो झोपला नाही. हे पुन्हा सांगतो, कारण तुम्हीही मनात म्हणत असाल की म्हाताऱ्याला डुलकी लागली. तो मनाशी पाढे म्हणत होता, चुकलेले दुरुस्तही करत होता.

पाठीमागे खोलीत थप झालं.

त्याने वळायला हवं होतं. वळला नाही. एक्केचाळीस वर्षं तो या आवाजाला वळलेला नव्हता. त्याने घंगाळातल्या पाण्यात बघितलं. धुकट पाणी, वर आभाळ, त्यात त्याचा स्वतःचा चेहरा. गुळगुळीत, गोरा, ओठ मिटलेले. तरण्या राजा बाहुल्याचा. डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा.

शंभर थप झाले.

मग पाण्यात, त्याच्या खांद्यावरून, एक हात पुढे आला. डावा. बोटांची टोकं सरसाने चिरलेली, अंगठ्याच्या नखावर पांढरा ठिपका, कुंचला आजमावून आजमावून पडलेला. कुंचला शेवटचा पातळ थर घेऊन आला होता. तो डाव्या पापणीवरून गेला, थंड, अगदी हलका, कुठेही जोड न दिसता. अर्धं आभाळ पांढरं झालं. मग उजवीवरून.

मग पाणी नाही, झाड नाही. नुसतं पांढरं.

७

थर वाळायला वेळ लागतो. घाई करायची नसते, हे तिला ठाऊक होतं.

इसोकिची बसून राहिला. ऊन चेहऱ्यावर होतं आणि चेहरा आवळत चालला होता. ‘शिनो,’ त्याला म्हणायचं होतं, ‘मस्करी होती गं.’ पण ओठांवरून कुंचला फिरून गेला होता, आणि ताज्या थराखाली ओठ हलवला तर काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

घंगाळात काहीतरी विसळल्याचा आवाज आला. कुंचला. बोटांत फिरवून टोक काढलं, दोरीला टांगला. थेंब पडला. वापरलेली वस्तू तशीच टाकायची नाही, सगळं रीतीने.

मग दगडावर पातं घासल्याचा आवाज. पुढे, मागे. पुढे, मागे. किती वेळ चाललं! इतकी धार इसोकिचीने कधी लावली नव्हती. मग पातं थांबलं, आणि नखावर टेकून बघितल्याचा बारीक टक्.

फाटक अजून वाजत नव्हतं. रेडिओवर भाताचे भाव चालू होते.

उजव्या हाताच्या चार बोटांनी त्याची हनुवटी खालून धरली. काठीवरचं डोकं धरतात तशी, घट्ट, पण थराला नख न लागता. डोकं उजेडाकडे वळवलं.

पळता आलं असतं. पाय मोकळे होते. पण पातं पापणीजवळ असताना डोकं हललं तर काय होतं, हे त्याने शेकडो वेळा शिकाऊ पोरांना ओरडून सांगितलं होतं. डोक्याने मुळीच हलायचं नसतं. इसोकिचीने श्वास धरला. जन्मात पहिल्यांदा तो कुणाच्या तरी हातात खोडी न करता बसला.

पातं टेकलं. डाव्या पापणीवर, नेमकं रेघेच्या जागी. हात स्थिर होता, त्याच्यापेक्षाही स्थिर. मग ते आत शिरलं, अगदी सावकाश, काहीतरी शोधत.

‘आहेत गं,’ तो आतल्या आत म्हणत राहिला. ‘या खेपेला आहेत डोळे. खरंच आहेत.’

पण काच लागली की थांबायचं, एवढंच त्याने तिला शिकवलं होतं.